सत्तेचाळीस मिनिटांची डबल ट्रॉली

खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला गाव, आडनाव, पगार, लग्न यांतलं काहीच विचारलं नाही. लोहाऱ्यात त्याआधी मी पाच घरं पाहिली होती आणि पाचही ठिकाणी माझं आडनाव माझ्याआधी जिना चढून वर गेलं होतं. इथं पांढऱ्या दाढीचे एक उंच, वाळके गृहस्थ दारात उभे होते. त्यांनी रस्त्याकडच्या खोलीतल्या लोखंडी खुर्चीकडं बोट दाखवलं, "बसा" म्हणाले, खिशातून मोबाईल काढून काहीतरी दाबलं आणि समोर स्वतः डोळे मिटून बसले.

कोपऱ्यातल्या दोन मोठ्या लाकडी खोक्यांतून पियानो वाजू लागला. पाच सूर. मग तेच पाच सूर. मग पुन्हा तेच. चौथ्या मिनिटाला मी खाकरलो.

"अडकलंय वाटतं," मी म्हणालो.

"अडकलं न्हाय," ते डोळे न उघडता म्हणाले. "चाललंय."

ते आणखी दहा मिनिटं चाललं. थांबलं तेव्हा त्यांनी डोळे उघडून विचारलं, "मधी काय बदललं?"

"मला तरी काही कळलं नाही."

"मला बी पहिल्या बारीला कळलं नव्हतं," ते म्हणाले. "खोली वर हाय. सामान कधी आणता?"

माझ्याआधी एक तलाठी, एक विमा एजंट आणि जोडीनं आलेले दोन शिक्षक त्याच खुर्चीवरून चौथ्या-पाचव्या मिनिटाला उठून गेले होते, हे मला नंतर समजलं. मी उठलो नाही ते रसिकतेमुळं नव्हे. बघायला सहावं घर राहिलं नव्हतं.

त्यांना सगळी गल्ली चाचा म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो. मी तिथल्या कॉलेजात ग्रंथपाल होतो. ग्रंथपालाला सर म्हणावं की नाही याबद्दल कॉलेजात दुमत होतं. चाचांना ते मान्य नव्हतं. पहिल्या दिवसापासून मी त्यांचा सर होतो, आणि ते माझे, असं म्हटलं तर फार वावगं होणार नाही. मात्र त्यांनी शिकवलेलं मला आलं नाही.

चाचा साखर कारखान्यात मिलवर होते. ऊस रोलरांमध्ये जातो, चेपून निघतो, आणि हंगामभर तो आवाज दिवसरात्र एकसारखा चालू असतो. म्हणजे तुम्हाआम्हाला एकसारखा वाटतो. चाचांना त्यातून ऊस ओला आहे की वाळलेला, मोळी आडवी गेली की उभी, कुठलं बेअरिंग तापायच्या बेतात आहे, हे सगळं कळायचं. इंजिनिअर लोक काटे बघत असत आणि काट्यांच्या आधी चाचा हात वर करत. सेवानिवृत्त होऊन घरी आल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांना झोप लागेनाशी झाली. डॉक्टरनं रक्त तपासलं. रक्तात काही सापडलं नाही. कारण दुखणं कानात होतं आणि तेही कान रिकामे पडल्याचं.

पुण्यातल्या मुलानं जुना फोन दिला. चाचांनी फोनला तोंडानं सांगितलं, मशीनचा आवाज लाव. फोननं आधी सूतगिरण्या दाखवल्या, मग आगगाडीची इंजिनं, आणि काही दिवसांनी काळे कपडे घातलेला, नाराज दिसणारा एक गोरा माणूस. तो पियानोवर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा वाजवत होता. फोनला मिल आणि पियानो यांतला फरक कळला नाही, असं माझं मत. फोन हुशार आहे, असं चाचांचं.

तिथून ते शोधत गेले. बर्फाळ देशातलं कुणीतरी, अमेरिकेतला कुणी म्हातारा, दोन बाया फक्त व्हायोलिनवर, चौघंजण लाकडी पट्ट्यांवर. एका लग्नाच्या बँडवाल्यानं धंदा बंद केला तेव्हा त्याचे स्पीकर उचलून आणले. मी ग्रंथालयातला कोश बघून त्यांना सांगितलं की या प्रकाराला मिनिमलिस्ट म्हणतात, म्हणजे कमीत कमीचं संगीत. त्यांनी तो शब्द थोडा वेळ तोंडात धरला आणि परत दिला.

"कमी कुठं हाय? सत्तेचाळीस मिनिटं हाय ते."

परदेशी नावं त्यांच्या जिभेला वळत नसत, म्हणून त्यांनी प्रत्येक तुकड्याला स्वतःचं नाव ठेवलं होतं. 'विहिरीवरचं इंजिन', 'तूर निवडणं', 'नळाला पाणी येणार', 'तहसीलची रांग'. शेवटच्या तुकड्यात बासऱ्या एकाच जागी उभ्या असतात आणि अधूनमधून कुणीतरी मध्येच घुसतं. मी ऐकून बघितलं. नाव बरोबर होतं. ही नावं एका वहीत लिहिलेली असत. पुढं वाजवणारे किती, वेळ किती, आणि शेवटचा रकाना 'बदल'. त्यात आकडे. एका ठिकाणी मी वाचलं होतं : 'बदल ३. तिसऱ्याची खात्री न्हाय.' मी अनेक संगीत समीक्षकांचे लेख वाचले आहेत. त्यांतल्या कुणालाही खात्री नसल्याचं आठवत नाही.

बाकीच्या संगीताबद्दल त्यांना राग नव्हता, काळजी होती. एकदा मी त्यांना धाराशिवला एका मोठ्या गायकाच्या मैफलीला नेलं. द्रुत सुरू झाली, तबलजी घामाघूम झाला, सभागृह टाळ्यांनी दणाणलं.  परतीच्या एसटीत चाचा म्हणाले, "चांगला माणूस हाय. पर लई घाई झालीय त्याला. कुणी मागं लागलंय का?"

त्यांचं सगळंच शहाणपणाचं होतं असं समजू नका. एका दुपारी आम्ही एक तुकडा ऐकत होतो. त्यात मोठमोठ्या शांतता होत्या, एक सूर आणि मग बराच वेळ काही नाही. एक शांतता फारच लांबली. चाचा डोळे मिटून, मान किंचित कलती करून बसले होते. मीही बसलो. दहा-बारा मिनिटांनी आतून चाचींचा आवाज आला, "लाईट गेलीय म्हणून सांगायचं होतं."

चाचांनी डोळे उघडून बंद पंख्याकडं बघितलं. "तरी चांगला भाग होता," म्हणाले. आणि वहीत लिहिलं : 'बदल १ (लाईट).'

चाचींविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळं घडलं. त्या ब्लाउज शिवायच्या. हात इतका चांगला की उमरग्याहून बाया माप द्यायला यायच्या. पण शिलाई मशीन होतं स्वयंपाकघरात, ओट्याला खेटून. गिऱ्हाईक बाईला रस्त्याकडच्या खोलीतून, डोळे मिटलेल्या चाचांना वळसा घालून, पडदा सारून आत जावं लागे. काही बायांना वाटायचं आत कुणी आजारी आहे. काहींना वाटायचं बाहेर. एकदा एका नवरीच्या पैठणीच्या ब्लाउजवर फोडणीची मोहरी उडाली. चाचींनी स्वतः कापड मिळवून नवा शिवून दिला आणि त्या दिवसापासून रस्त्याकडच्या खोलीकडं बघण्याची त्यांची नजर बदलली. त्या खोलीला शटर लावायचं, मशीन तिथं आणायचं, भिंतीला फॉल-बिडिंगच्या रंगीत गुंडाळ्या लावायच्या. दुकान. एवढंच त्यांना हवं होतं. खोलीही तेवढी एकच होती.

"लोकांना सवय न्हाय अजून," चाचा म्हणाले. "एकदा सवय झाली की गाव यील ऐकायला. मग खोली कुठली आणायची?"

दोघं एकमेकांशी एरवी दखनीत बोलत. पण मी असलो की मराठीत, म्हणजे भांडणाला साक्षीदार राहावा.

"गाव ऱ्हाऊ द्या," चाची म्हणाल्या. "एक दाखवा."

"एक काय?"

"एक माणूस. शेवटपर्यंत बसलेला. तुळशीची लग्नं लागायच्या आत. बसला तर खोली तुमची, मी जिंदगीत नाव काढायची न्हाय. न्हाय बसला तर शटर."

तुळशीची लग्नं झाली की लग्नसराई आणि लग्नसराई आली की ब्लाउजांचा ढीग. चाचींचं कॅलेंडर दुसऱ्यांच्या तुळशीवर चालायचं.

"सर बसतात की," चाचा म्हणाले.

चाचींनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत दया होती. "सर भाडेकरू हायत. जातील कुठं? त्यांचं धरायचं न्हाय. आन बसायचं ते लांबड्याला. ट्रॉलीवाल्याला."

चाचांचा चेहरा उतरला. 'डबल ट्रॉली' हा त्यांचा सगळ्यांत आवडता आणि सगळ्यांत अवघड तुकडा होता. पियानोवर सहा सुरांची एक ओळ. उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर चढावर जसा जातो, म्हणजे थांबलाय की चाललाय ते कळत नाही, तशी ती ओळ सत्तेचाळीस मिनिटं जाते. चाचांच्या म्हणण्याप्रमाणं सदतिसाव्या मिनिटाला खालचा एक सूर लागतो. एकदाच. मग पुन्हा काही झालंच नाही असं आणखी दहा मिनिटं. मी तो तुकडा निदान पाचदा ऐकला होता. सदतिसाव्या मिनिटाला मी नेहमी जेवणाचा विचार करत असे.

पहिला माणूस मीच सुचवला. आमच्याकडं एक संगीत रसिक मंडळ होतं आणि त्याला अध्यक्ष होते. ते खतं-बियाण्यांचं दुकान चालवत आणि मैफलीत पहिल्या रांगेत बसून गायकानं तोंड उघडायच्या आत 'वाहवा' देत. म्हटलं, ज्यांचा रसिकतेचा हुद्दाच आहे ते एवढं बसतील. रविवारी सकाळी ते रेशमी झब्बा घालून आले. प्रास्ताविक कोण करणार, विचारलं. कुणीच नाही, म्हटल्यावर स्वतः थोडं केलं. मग चाचांनी 'डबल ट्रॉली' लावली.

तिसऱ्या मिनिटाला अध्यक्ष म्हणाले, "क्या बात है!"

चाचांनी एक डोळा उघडला. "अजून काय झालं न्हाय."

सहाव्या मिनिटापर्यंत अध्यक्षांची मान तालावर डोलत होती. नंतर ती ताल सोडून डोलू लागली. अकराव्या मिनिटाला त्यांनी फोन कानाला लावला, "हो हो, आलोच, साहेब आले का?" असं म्हणाले आणि उठले. दारात वळून म्हणाले, "आत्मा आहे यात. शरीर जरा कमी पडतं."

"फोन वाजलाच न्हाय त्यांचा," चाची आतून म्हणाल्या.

चाचांनी वहीत अध्यक्षांच्या नावापुढं लिहिलं : 'अकरा मिनिटं.' मग थोडा विचार करून 'बदल ०'.

मग मी ग्रंथालयात प्रयत्न केला. चाचांचं म्हणणं, वाचणाऱ्या लोकांना बसायची सवय असते. त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं की माझ्या ग्रंथालयात लोक स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांसाठी आणि पंख्यासाठी येतात. दोघांनी विचारलं, सर्टिफिकेट मिळणार का. मी नाही म्हणालो आणि विषय संपला.

शेवटी चाचांनी आपला जुना सहकारी बोलावला. ढोकीकडचा, मिलवरचाच फिटर. दोघांनी अर्धं आयुष्य शेजारी उभं राहून काढलं होतं आणि मिलच्या आवाजामुळं फारसं बोलले नव्हते, म्हणून मैत्री टिकली होती. तो एसटीनं आला, जेवला, खुर्चीत बसला आणि पाचव्या मिनिटाला घोरू लागला.

चाचा काळजीत पडले. झोपलेला माणूस बसलेला धरायचा का? मी म्हटलं, कॉलेजच्या सभांमध्ये धरतात. चाचींनी पडद्याआडून निकाल दिला, "उठला न्हाय म्हंजी बसलाय. धरू."

पंधरा मिनिटं, पंचवीस, पस्तीस. पाहुणा शांत झोपलेला. चाचांचा चेहरा हळूहळू उजळत होता. खोली वाचली होती. आणि सदतिसाव्या मिनिटाला खालचा तो सूर लागला.

फिटर ताडकन उभा राहिला. डोळे मिटलेले, हात वर. "बंद करा! मिल बंद करा! बेअरिंग गेलं!"

मी त्याला धरून खाली बसवलं. तो घामानं डबडबला होता. चाचांनी संगीत थांबवलं नाही, पण त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. खोली गेल्याचं दुःख त्यावर कुठंच नव्हतं.

"त्याला कळलं," ते म्हणाले. "सर, झोपेत कळलं त्याला."

"उठला," चाची आतून म्हणाल्या.

त्यानंतर कुणी मिळालं नाही. मुदतीचा शेवटचा दिवस आला; गल्लीत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिल्या तुळशीचं लग्न लागणार होतं. ऊस उभे करून झाले होते, बोरं-आवळे आले होते. त्या सकाळी चाचा दाढी विंचरून, धुतलेला पायजमा घालून खोलीत आले, फोन घेतला आणि एकटेच 'डबल ट्रॉली' लावून बसले. मी उंबऱ्यापाशी उभा राहिलो. समोर बसायची हिंमत झाली नाही.

ट्रॉली अजून सपाटीवर असेल-नसेल तोच शटरवाला आला. त्याला चाचींनीच बोलावलं होतं. मनगटापर्यंत ग्रीसनं काळा, वेल्डिंगच्या दुकानातला, घाईत असलेला माणूस. हातात मापाची टेप.

"चाचा, आवाज जरा बंद करता का? माप घ्यायचंय."

चाचांनी डोळे उघडले नाहीत. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी खांदे उडवले. मग त्यानं पडद्याकडं बघून आवाज दिला, "चाची! घिऊ का माप?"

आतलं मशीन थांबलं. "थांबा जरा. संपू द्या ते."

"किती येळ? मला अजून दोन ठिकाणी जायचंय."

"बसा वो. चहा टाकते."

तो त्या लोखंडी खुर्चीत बसला. चहा आला. चहा संपला. त्यानं पाय हलवला, छताकडं बघितलं, चौकटीचं डोळ्यानंच माप घेतलं, टेप उलगडली, परत गुंडाळली. मग टेप मांडीवर ठेवून तो नुसताच बसून राहिला. दिवसभर ग्राइंडरशेजारी उभ्या राहणाऱ्या माणसाला इतका हळू आवाज बहुधा पहिल्यांदाच भेटला असावा. पुष्कळ वेळानं त्याला दुसरी दोन ठिकाणं आठवली.

"चाची, लई येळ झाला की वो."

"आता खालचा यील," चाची आतून म्हणाल्या. मशीन चालूच होतं. "त्याच्यामागं दहा मिनिटं. मग घ्या माप."

आणि खालचा सूर लागला.

मी तो त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. कुणी सांगून ठेवल्यावर आला म्हणून असेल. पण मी चाचांकडं बघत होतो. त्यांनी दोन्ही डोळे उघडले होते. ट्रॉली चालू असताना मी हे आजवर पाहिलं नव्हतं. ते स्पीकरकडं बघत नव्हते, पडद्याकडं बघत होते. उरलेली दहा मिनिटं ते तसेच बघत राहिले. पडद्यापलीकडं मशीन चालत होतं, थांबत होतं, पुन्हा चालत होतं.

पियानो थांबला.

"संपलं?" शटरवाल्यानं विचारलं.

"संपलं," मी म्हणालो.

"मधी एकदा खाली ठोकलं त्यानं."

"ठोकलं," चाचा म्हणाले. 

नियम बघणं हा माझा पेशा आहे. मी म्हणालो, "चाची, हे बसले. आले तेव्हापासून शेवटपर्यंत. उठले नाहीत."

चाची पडदा सारून बाहेर आल्या. गळ्यात टेप, ओठांत टाचणी. त्यांनी शटरवाल्याकडं बघितलं, खुर्चीकडं बघितलं, रिकाम्या कपाकडं बघितलं. टाचणी काढून पदराला लावली.

"बसला," त्या म्हणाल्या. "खोली तुमची." आणि शटरवाल्याकडं वळून, "ऱ्हाऊ द्या मग शटर. जावा तुम्ही."

"आवो चाची, मग मला बशिवलं कशाला?"

 याचं उत्तर मला सुचत होतं, पण मी भाडेकरू होतो.

चाची आत जायला वळल्या. चाचांनी हाक मारली. "तुला खालचा कसा ठाव?"

"भिंतीपल्याड बसती की इतकी वर्षं. कान शिवून घेतलेत व्हय मी?"

"कधी बोलली न्हाईस."

"कुणाला बोलायचं? तुमचे डोळे मिटलेले."

चाचा खुर्चीत बसून राहिले.   शटरवाला टेप खिशात कोंबून उठला आणि दारापर्यंत गेला.

"ए बाबा," चाचा म्हणाले. "माप घे."

"आता काय झालं?"

"घे म्हणतो न्हवं. पुरी चौकट धर." ते उठले आणि एक स्पीकर भिंतीकडं ढकलू लागले. तो जड होता. मी दुसऱ्या बाजूनं हात लावला. "हितं खिडकीपाशी मशीन येतंय. उजेड चांगला हाय. हे दोन्ही मागल्या भिंतीला जातील."

चाची पडदा धरून उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "आन तुम्ही?"

"मी हाय की. मधी एक खुर्ची मावती."

"बाया येतील मापं द्यायला."

"बाया आल्या की उठून जाईन मी. आन ट्रॉली चालू असली..." चाचा थांबले. पुढचं वाक्य त्यांना जड जात होतं, स्पीकरपेक्षाही. "तर बंद करीन."

"बंद कशाला करताय?" चाची म्हणाल्या. त्यांनी चौकटीशी ओणव्या झालेल्या शटरवाल्याकडं हात केला. "ह्यो बसला न्हवं? बसतील त्या बी."